मोत्या ओटीवर, मनी चुलीपाशी. मग जंत आले कोठून?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून एका वस्तीवर चहाला थांबलो होतो. ओटीवर दीड वर्षाचे लेकरू बसले होते. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा आणि शेजारी दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू. एक घास लेकराच्या तोंडात, मग त्याच तुकड्याला पिल्लाची चाट, आणि पुन्हा तो तुकडा लेकराच्या तोंडात! पिल्लाचे पोट मडक्यासारखे गरगरीत, पाय मात्र काड्यांसारखे. पलीकडे घरातल्या आजी पिल्लाच्या आईच्या कानातील गोचीड बोटांनी ओढून काढीत होत्या आणि अंगठ्याच्या नखाने दगडावर चिरडीत होत्या.

मी विचारले, "आजी, पिल्लाला जंताचे औषध दिले का?"

आजी हसल्या. "अहो साहेब, ते कुठं बाहेर जातंय? उंबऱ्याच्या आत जन्मलं, उंबऱ्याच्या आतच खातंय. त्याला कसले जंत?"

आजींचा हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. गावभर हिंडणाऱ्या कुत्र्याला जंत होतात, गोचीड लागतात. घरातल्याला काय होणार? आज या प्रश्नाचेच उत्तर पाहू. मी कृषी शाखेचा पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधाची मात्रा सांगण्याचे काम पशुवैद्यकाचे. परंतु किडीचा जीवनक्रम कसा तोडावा हे तीस वर्षे पिकांच्या बाबतीत मी तुम्हांला सांगत आलो आहे, आणि जंत, पिसू व गोचीड यांचा हिशेब त्याहून फारसा वेगळा नाही.

उंबरा ओलांडून जंत येतात कसे?

पहिली वाट आईच्या पोटातून. कुत्रीच्या मांसात गोल जंतांच्या अळ्या निजल्यासारख्या पडून असतात. त्या निजलेल्या अळ्यांपर्यंत नेहमीचे औषध नीट पोहोचत नाही. कुत्री गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांच्या अंगात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच जंत घेऊन. मांजरीच्या पिल्लांना हे जंत आईच्या दुधातून मिळतात. कुत्रीच्या दुधातून अंकुशकृमीही जातात. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि कोवळे पिल्लू पांढरेफटक पडून दगावते.

दुसरी वाट आपल्याच पायांची. गोल जंताची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत जातात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ती माती आपल्या वहाणांना, खुरप्याला, गोणपाटाला लागून घरात येते.

तिसरी वाट उंदराची. मनी उंदीर मारते म्हणून तर आपण तिला पाळतो. पण उंदराच्या अंगातील अळ्या त्याच्याबरोबर तिच्या पोटात जातात. उंदराच्या अंगावरच्या पिसवाही घरात उतरतात. चौथी वाट कच्च्या मांसाची, तिच्याविषयी पुढे सांगतो.

आता लेकराचा याच्याशी संबंध काय? मातीतली ही अंडी मुलाच्या तोंडात गेली, तर अळी बाहेर पडते. ती माणसाच्या आतड्यात मोठी होऊ शकत नाही, म्हणून वाट चुकल्यासारखी अंगात फिरत राहते. कधी यकृतात जाते, कधी फुप्फुसात, आणि कधी डोळ्यांत. डोळ्यांत गेली तर दृष्टीला धोका. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात, ती जरूर घ्यावी. पण ती माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी असते. कुत्र्याच्या जंतांचा बंदोबस्त कुत्र्यापाशीच करावा लागतो.

यात एक सोय निसर्गानेच ठेवली आहे. गोल जंताची अंडी विष्ठेतून पडल्याबरोबर बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे गेल्यावर ती बाधणारी होतात. म्हणजे जो माणूस रोजची घाण रोज उचलतो, तो साखळी तेथेच तोडतो. मात्र ती घाण उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचे खत शेवटी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते. विहिरीपासून दूर खोल खड्डा करून त्यात टाका आणि वर माती ओढा.

पिसू आणि गोचीड: बोंडअळीचाच धडा

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी आपण काय करतो? नुसती फवारणी करून भागत नाही. फरदड ठेवायची नाही, पऱ्हाट्या बांधावर रचायच्या नाहीत, कारण त्यात कोष आणि अळ्या दडून बसतात. पिसवांचे अगदी तसेच आहे. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी अंगावरून गळून जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, खाटेखाली पडतात. अळ्या धुळीत वाढतात, कोष करतात आणि जनावराची चाहूल लागेपर्यंत कोषात वाट पाहतात. म्हणून आज औषध लावले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या, तर औषध खोटे असे लगेच म्हणू नका. त्या जमिनीतल्या कोषांतून निघालेल्या असतात. घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध, आणि तेही सलग तीन महिने तरी, असे केले तरच पिढी तुटते.

पिसवा आहेत की नाहीत हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बारीक दातांच्या फणीने जनावराच्या कंबरेवरचे केस विंचरा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटका. कणीभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. तो तांबूस रंग जनावराच्या रक्ताचा असतो.

पिसवा आणखी एक उपद्रव करतात. कुत्रा खाजवताना पिसू दाताने पकडून गिळतो आणि तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. मग शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, काकडीच्या बीसारखे तुकडे दिसतात. ते ताजे असताना वळवळतात. अशा वेळी गोल जंताचे साधे औषध चालत नाही. प्राझिक्वांटेल नावाचे औषध लागते. आणि पिसवा तशाच राहिल्या तर महिन्याभरात पट्टकृमी पुन्हा हजर.

कुत्र्याचा तपकिरी गोचीड घराच्या आतच संसार करणारा आहे. तो रक्त पितो, गळून पडतो, भिंतीवर चढतो, भेगेत जाऊन कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्यावर येतो. रक्त पिण्यासाठी तो जन्मात तीन वेळा कुत्र्यावर चढतो. फुगलेली मादी भेगेत हजारोंनी अंडी घालते. रक्त न मिळता प्रौढ गोचीड महिनोन्महिने जगतो. म्हणून कुत्र्याची जागा, दाराची चौकट, भिंतीच्या चिरा आणि आढ्याखालचे कोपरे नीट पाहा. चिरा मातीने किंवा सिमेंटने लिंपून वर चुना द्या. शेतातले सावट जसे साफ करतो, तसेच हे.

आणि आजींसारखे गोचीड नखाने चिरडू नका. त्याच्या पोटातल्या रक्तात रोगाचे जंतू असतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या कडक पाण्यात टाका आणि हात धुवा. गोचिडामुळे कुत्र्याला गोचीड ताप येतो. कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, लघवी लाल होते. असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बोकडाचे काळीज आणि माणसाच्या पोटातली गाठ

आता चौथी वाट. जत्रेला किंवा नवसाला बोकड कापतो. कधी काळजात किंवा फुप्फुसात पांढरे, पाण्याने भरलेले फोड दिसतात. "हे माणसाच्या खाण्यासारखं नाही," असे म्हणून तेवढा भाग कुत्र्यापुढे टाकतो. बंधूंनो, नेमके हेच करू नये. त्या फोडांत हायडॅटिड रोगाच्या पट्टकृमीची बीजे असतात. ती कुत्र्याच्या पोटात गेली की साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांचे कृमी तयार होऊन विष्ठेतून अंडी पडू लागतात. हा कृमी अवघा काही मिलिमीटर लांबीचा, म्हणून विष्ठेत दिसत नाही. कुत्राही धडधाकट राहतो, खातो, पितो, राखण करतो. वरून काहीच कळत नाही.

याची अंडी मात्र ताजी असतानाच बाधतात. ती कुत्र्याच्या केसांना चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून न धुतलेल्या हाताने भाकरी खाल्ली, की ती माणसाच्या पोटात जातात. मग यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ धरते आणि हळूहळू, कित्येक वर्षे वाढत राहते. लहानपणी पोटात गेलेले अंडे ऐन उमेदीत गाठ होऊन समोर येते. पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि गाठ आत फुटली तर जिवावर बेतते.

पुष्कळांना वाटते की हा रोग मटण खाल्ल्याने होतो. तसे नाही. तो कुत्र्यामार्फत येतो. म्हणून असे फोड असलेला भाग जाळा, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरा. कुत्र्याला आतडी-काळीज द्यायचेच असेल, तर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून द्या. कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. गाय व्याल्यावर वारही कुत्र्यापुढे टाकू नका. तिच्यामार्फत कुत्र्यात आणि कुत्र्यामार्फत पुन्हा गोठ्यात असा गाभडण्याचा एक रोग फिरतो.

मनी, गर्भार लेकीबाळी आणि गाभण शेळी

मांजराच्या आतड्यात टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी वाढतो. मांजराला तो पहिल्यांदा झाला की एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची बीजे पडतात. गर्भारपणात स्त्रीला त्याची पहिली लागण झाली, तर गर्भाला धोका असतो. याचा अर्थ मनीला पोत्यात घालून रानात सोडून यावे असा नव्हे. ही बीजे बाधणारी व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढावी, आणि घरात कोणाला दिवस गेले असतील तर हे काम दुसऱ्याने करावे. गर्भार बाईने वाफ्यात काम करताना हातमोजे घालावेत, भाजी भरपूर पाण्यात धुवावी, मटण पूर्ण शिजलेलेच खावे. मनीलाही कच्चे मांस देऊ नये.

हाच परजीवी शेळ्या-मेंढ्यांना गाभडवतो. मांजराला मऊ, सुटी जागा आवडते. भुशाची रास, कडब्याची कुट्टी, बांधकामाची वाळू येथेच ते घाण करते. खुराक आणि भुसा झाकून ठेवा. वाळूच्या ढिगावर ताडपत्री टाका, कारण त्याच ढिगावर आपली मुले खेळतात.

माझ्या घरचा मोत्या

आता जे सांगतो ते माझ्याच घरात घडलेले आहे. १९८१ साली मी पाचवीत होतो. आमच्या मोत्याला गोचीड फार झाले होते. घरात पिकावर धुरळायची बीएचसीची भुकटी होती. वडिलांनी ती मोत्याच्या अंगावर चांगली चोळली. मोत्याने अंग चाटले. दिवेलागणीला तो थरथरू लागला, तोंडाला फेस आला, पाय झाडू लागला. पहाटेपर्यंत सारे संपले. वडिलांनी त्याला बांधावरच्या बाभळीखाली पुरले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढे १९९७ मध्ये त्या भुकटीवर देशात बंदी आली. वडिलांचा दोष नव्हता, कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगणे हे माझे काम म्हणून आज सांगतो.

पिकावरचे कोणतेही कीटकनाशक कुत्र्या-मांजराला लावू नका. पाण्यात पातळ करूनही नको. ज्या पिकासाठी शिफारस, त्याच पिकावर औषध, हा नियम आपण शेतात पाळतो. जनावराच्या बाबतीत तो शंभर पटींनी पाळायचा. गुरांच्या गोचिडाचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका. गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन परस्पर टोचू नका. काही जातींच्या कुत्र्यांना ते सोसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिनचे औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्याला जे सोसते, त्याच औषधाने मांजर मरते. कुत्र्याला असे औषध लावले असेल, तर ते वाळेपर्यंत मनीला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका.

चुकून असे घडलेच, लाळ गळू लागली, झटके येऊ लागले, तर औषधाची बाटली किंवा पुडा बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्यक गाठा. घरगुती उपायांत वेळ दवडू नका.

औषध किती आणि कधी?

मात्रा वजनावर ठरते. कमी पडली तर जंत मरत नाहीत, जास्त झाली तर पिल्लू धोक्यात येते. वजन करणे अवघड नाही. पिल्लू किंवा मांजर टोपलीत घालून धान्याच्या काट्यावर ठेवा आणि टोपलीचे वजन वजा करा. मोठा कुत्रा उचलून घेऊन स्वतः काट्यावर उभे राहा, मग आपले वजन वजा करा. तो आकडा कागदावर लिहून पशुवैद्यकाला द्या.

कुत्र्याच्या पिल्लाला पहिले औषध दोन आठवड्यांचे असतानाच द्यावे. पुढे आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून. पिल्लांबरोबर आईलाही द्यावे, नाहीतर एकीकडे काढायचे आणि दुसरीकडे भरायचे असे होते.

मोठ्या कुत्र्या-मांजरांना वर्षातून चार वेळा. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून चार सण धरा: गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि संक्रांत. दोन सणांमध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर पडते. ज्या घरी शेळ्या-मेंढ्या कापल्या जातात किंवा कुत्रा कळपाबरोबर असतो, तेथे पट्टकृमीचे औषध याहून लवकर द्यावे लागते. किती लवकर ते पशुवैद्यकाला विचारा. पिसू-गोचिडाच्या औषधाचे अंतर त्या-त्या औषधावर छापलेले असते, ते पाळा. पिसाळण्याची लस त्याच खेपेस टोचून घ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करावी.

कारभारणीने भिंतीवर लावावे असे टिपण

रोज: कुत्र्या-मांजराची घाण उचलून खड्ड्यात. त्यांच्या बसण्याची जागा झाडून केर जाळणे. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुणे. मुलांच्या पायांत चपला.

आठवड्याला: मुलांची नखे काढणे. जनावराचे गोणपाट उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवणे. फणी फिरवून पिसवा पाहणे. कान, मान आणि पायांची बोटे फाकून गोचीड पाहणे.

चार सणांना: वजन करून जंताचे औषध, घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी.

वर्षाला: भिंतीच्या चिरा लिंपून चुना, आणि पिसाळण्याची लस.

नेहमी: जनावराचे ताट वेगळे, मुलाचे ताट वेगळे.

यात पैशाचे काम थोडे आणि हाताचे काम जास्त आहे. गोळीने निम्मे काम होते. उरलेले निम्मे झाडू, उकळते पाणी आणि ऊन करते. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री देवाच्या पायाशी बसलेली आपण रोज पाहतो. ज्याला आपण घरात जागा दिली, भाकरतुकडा दिला, त्याला हेही देणे लागतो. त्यात आपल्या लेकरांचीही राखण आहे.

त्या वस्तीवर पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. मधल्या काळात आजींच्या नातवाने पिल्लू टोपलीत घालून काट्यावर तोलले होते आणि आकडा वहीच्या पानावर लिहून तालुक्याच्या दवाखान्यातून औषध आणले होते. आजी म्हणाल्या, "साहेब, औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले हो! एवढ्याशा पोटात कुठं मावले होते कोण जाणे." पिल्लाचे पोट उतरले होते. लेकरू ओटीवर बसूनच भाकरी खात होते. पिल्लाची भाकरी मात्र अंगणात, त्याच्या स्वतःच्या वेगळ्या परळात होती.